उघाडी

माझ्या भिंतीवर दोन कॅलेंडरं.
एक चर्चमधलं, त्यात संतांचे सण.
दुसरं रेवदंड्याच्या वाण्याने दिलेलं, तिथ्यांचं.
उघाडीच्या राखणदाराला दोन्ही लागतात.
समुद्र रविवार पाळत नाही,
त्याला अष्टमी कळते, अमावास्या कळते.

आणि उपासकाळाचा तो शेवटचा शुक्रवार
दरसाल पुनवेला चिकटून येतो,
म्हणजे बरोब्बर उधाणात.
फिलू म्हणते, देवाने मुद्दाम घातलीय ही गाठ.
मी म्हणतो, देवाला माझी झोप ठाऊक आहे.

आज गुरुवारची रात्र.
चर्चमध्ये बायका जागतायत गुडघ्यांवर,
मी बांधावर, गुडघाभर चिखलात.
फादरना विचारलं होतं, चालेल का?
ते हसले. चालेल म्हणाले.

साडेबाराला पाणी भरेल.
खिशात फोन थरथरतो, तिसऱ्यांदा.
कोलंबीचा व्यापारी.
त्याचं म्हणणं अगदी साधं असतं:
झडपेत एक पाचर मार, आणि झोप.
ओहोटीला माझी माणसं जाळं लावतील.
शेतात आत्ता आहे काय, इनास?
ढेकळं.
ढेकळं कुठे तक्रार करतात?

खरंय. ढेकळं तक्रार करत नाहीत.
ती जुलैपर्यंत थांबतात.

एकोणीस वर्षांपूर्वी मी मारली होती पाचर,
बाभळीची, स्वतः तासलेली.
घरात उपासमार नव्हती, कुणी आजारी नव्हतं.
होडीला इंजिन हवं होतं,
कारण मार्टिसच्या होडीला होतं.

लावणीनंतर अकराव्या दिवशी
गोमाबाईची रोपं शेंड्यापासून लाल पडली.
ती बांधावर उकिडवी बसून म्हणाली,
इनासभाव, औंदा पावसानं मीठ धुतलं नाय रं.
तिने पावसाला दोष दिला
आणि मी मान हलवली.

पाचर मी विसरलो असतो कदाचित.
ती हललेली मान विसरता येत नाही.

कन्फेशनला गेलो. जुने फादर होते तेव्हा.
म्हणाले, पाच जपमाळा कर,
आणि त्या बाईकडे जा.
जपमाळा केल्या.

शास्त्रात एक शब्द आहे, नीतिमत्त्व.
माझ्या तोंडात तो अजून नीट मावत नाही.
लहानपणी वाटायचं, ते एकदाच मिळतं,
बाप्तिस्म्याच्या पाण्यासारखं, कपाळावर.
मग या बांधावर कळलं, ते चिखलाचं असतं.
आज टाचेने दाबून बसवावं,
उद्या चिंबोरीने तिथेच बीळ केलेलं.
आणि चिंबोरी काही बाहेरून येत नाही,
ती बांधातच राहते.

गोमाबाईकडे गेलो, सात वर्षांनी.
ती वाल सोलत होती. सोलतच राहिली.
म्हणाली, ठाऊक व्हतं.
पंच तुला काढायला निघालं व्हतं,
मीच म्हटलं, ऱ्हाऊ द्या.
ज्यानं पाचर मारली
त्याला पाचरीचा आवाज कळतो.
मग वालाचं सूप माझ्याकडे सरकवलं.
अंधार पडेपर्यंत सोलत बसलो.

कुणाला वाटेल, त्या दिवशी इच्छा मेली.
नाही.
इंजिन आता जुनं झालंय, धूर टाकतं.
परवाच एक नवं पाहून आलो अलिबागला,
हात फिरवला त्याच्यावर,
किंमत विचारली, पुन्हा विचारली.

पाणी भरलं.
झडप अर्धं बोट मागे येते, ठक्,
पुन्हा ठक्.
पलीकडे सगळी खाडी रेटा देतेय,
अलीकडे ढेकळांवर चांदणं पडलंय.
विजेरीत भोक दिसतं, अंगठ्याएवढं,
पाणी त्यातून बारीक बोलत आत येतंय.
चिखल घेतो. टाच लावतो.
फोन थरथरतो. थरथरू दे.

पहाटे ओहोटी.
दुपारी एकला परत भरती,
तेव्हा चर्चमध्ये क्रूसाची वाट चालू असेल
आणि मला पुन्हा इथेच यायचंय.